विवाह नोंदणीच्या दाखल्यासाठी १५,८६० रुपयांना गंडा

आकडा आधी सांगते, कारण आमच्या घरात तो अजून कोणी मोठ्याने उच्चारत नाही. १५,८६० रुपये. त्यातले १,५०० फॉर्म आणि कोर्ट फीचे, ४,५०० ‘साहेबांचे’, ३,००० अर्जंटचे, ६,८०० मंत्रालय-दिल्ली-दूतावास अशा शिक्क्यांच्या ‘पॅकेज’चे आणि ६० रुपये लॅमिनेशनचे. बदल्यात काय मिळालं? प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला एक रंगीत कागद, ज्याची सरकारदरबारी कुठेही नोंद नाही.

आता तुम्ही म्हणाल, एजंटाकडे गेलातच कशाला. ऐका मग. जावई दुबईला नोकरीला. मुलीचा तिथला व्हिसा काढायचा तर विवाह नोंदणीचा दाखला लागतो, आणि नुसता दाखला चालत नाही. त्यावर आधी राज्य सरकारचं साक्षांकन (म्हणजे कागद खरा असल्याचा शिक्का), मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, मग यूएईच्या दूतावासाचा. जावयांची रजा संपत आलेली. आणि इथे महापालिकेच्या आमच्या भागातल्या क्षेत्रीय कार्यालयातल्या खिडकीवर फाईल अडकलेली. का? तर लग्नपत्रिकेवर ‘चि. सौ. कां.’च्या पुढे मुलीचं घरातलं नाव छापलंय आणि आधारवर शाळेतलं आहे. सासूबाईंचा आग्रह होता तसं छापायचा. आता कुणाला बोलणार. बरं, प्रतिज्ञापत्र करून आणलं. मग भटजींच्या आधारची झेरॉक्स हवी. ती नेली तर तिघे साक्षीदार एकाच वेळी समोर उभे पाहिजेत. त्यांना रजा घ्यायला लावून नेलं, तर सर्व्हर डाऊन. एकदाच काय ती सगळी यादी लिहून द्या म्हटलं तर खिडकीतल्या गृहस्थांनी वर न बघता हनुवटीने बाहेर दाखवलं. “त्यांना विचारा, ते सांगतील.”

‘ते’ म्हणजे आवारातल्या झाडाखाली स्कूटरच्या सीटवर फायली मांडून बसलेला एक चाळिशीतला माणूस. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, “काकू, पत्रिकेवरच्या नावाचा घोळ ना?”

इथे. इथेच कळायला हवं होतं. माझ्या फाईलमध्ये काय खोट आहे हे खिडकीतल्या माणसाला माहीत आणि मला माहीत. झाडाखालच्या माणसाला ते कोणी सांगितलं? पण त्या क्षणी मला काय वाटलं सांगू? वाटलं, माणूस हुशार आहे, याला कामातलं कळतं! इतक्या हेलपाट्यांनंतर कोणीतरी ‘बसा’ म्हणालं, पाणी विचारलं, तर माणूस विरघळतोच. तुम्हीही विरघळला असता.

त्याने सांगितलं की जावयांनी परत यायची गरज नाही, मुलीनेही हजर राहायला नको, फोटो आणि आधारच्या प्रती द्या, बाकी मी बघतो. इथे एक गोष्ट नीट वाचा: नवरा-बायकोने निबंधकासमोर उभं राहून सह्या केल्याशिवाय आपल्याकडे विवाह नोंदणी होत नाही. भटजी आणि तीन साक्षीदारही लागतातच. ‘हजर राहायची गरज नाही’ हे वाक्य ज्याने उच्चारलं त्याच्यापुढून उठून चालू लागा. भीतीही त्याने बरोबर घातली होती. म्हणे दाखला नसेल तर पासपोर्टवर नवऱ्याचं नावसुद्धा चढणार नाही. ती सक्ती केंद्र सरकारने २०१६च्या डिसेंबरातच काढून टाकली आहे. मला हे नंतर कळलं.

पैसे थोडे रोख, थोडे मोबाईलवरून. मोबाईलवर पैसे घेणाऱ्याचं नाव एका कव्हर-चार्जरच्या दुकानाचं निघालं. “भावाचं दुकान आहे काकू, एकच खातं वापरतो.” पावती मागितली तर हसला. ‘साहेबांची’ पावती कोण देतं!

दाखला आला तो थेट लॅमिनेट होऊन. माझी अख्खी नोकरी पोस्टाच्या काउंटरवर गेली. शिक्का मारलेला कोणता आणि छापलेला कोणता हे मी कागदाच्या पाठीवरून बोट फिरवून सांगते. पण प्लॅस्टिकवर बोट फिरवून काय कळणार? तो ६० रुपयांचा खर्च त्याने उगाच नव्हता केला. त्यात लॅमिनेट केलेल्या कागदावर साक्षांकन होत नाही, म्हणजे तो कागद पुढे जाऊच शकत नव्हता. आणि ह्याच माणसाने पुढच्या शिक्क्यांचे ६,८०० घेतलेले होते!

दाखल्यावर आमच्या महापालिकेचं नावच नव्हतं. शेजारच्या तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीचा गोल शिक्का होता. विचारलं, तर म्हणाला, “शहरात गर्दी असते, गावात लगेच होतं. शासन एकच ना काकू?” खाली ‘विवाह निबंधक’च्या जागी ‘विवाह निंबधक’ छापलेलं. ते मी वाचलं. आमच्या ह्यांना दाखवलंही. हे म्हणाले, सरकारी मराठी अशीच असते, आणि आम्ही दोघंही हसलो. अजून आठवलं की रात्री झोप लागत नाही.

साक्षांकनासाठी दुसऱ्या एका ओळखीच्या माणसाला दाखवलं तेव्हा त्याने एका नजरेत सांगितलं, आधी गावात जाऊन नोंद बघा. गेलो. ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं म्हणे) सज्जन होते. नोंदवही उघडून दाखवली. त्या वर्षीच्या नोंदी ४१ वर संपलेल्या. आमच्या दाखल्यावरचा क्रमांक १८७. एवढंसं गाव, तिथे १८७ लग्नं कुठून लागणार! शिवाय लग्न तिथे लागलेलं नाही, मुलगी-जावई तिथे राहत नाहीत, मग नोंद होणारच कशी, हा त्यांचा प्रश्न. बरोबरच होता. पण हेच लेखी द्या म्हटलं तर सज्जनपणा तिथेच संपला. “वरून विचारणा आली तर देऊ.” शेवटी माहितीच्या अधिकारात १० रुपयांचं तिकीट लावून अर्ज केला, तेव्हा ‘सदर क्रमांकाची नोंद आढळून येत नाही’ एवढी एक ओळ मिळाली. ती ओळ सोन्यासारखी जपून ठेवली आहे. तुम्हीही लेखीच घ्या, तोंडी काहीही ऐकून घेऊ नका.

आणि मग पोलीस ठाणे. पहिले म्हणाले, हा दिवाणी व्यवहार आहे. खोटा शिक्का, खोटी सही, खोटा नोंदणी क्रमांक, आणि म्हणे दिवाणी! भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८ आहे, बनावट दस्तऐवजाला ३३६ आहे, हे मी घरून पाठ करून गेले होते. त्यावर दुसरे साहेब काय म्हणाले? “मॅडम, ‘साहेबांचे’ म्हणून ४,५०० तुम्ही दिलेत ना? मग तुम्हीच आत जाल.” भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो हे खरं आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत कळवलं पाहिजे, म्हणजे सुटका. आम्हाला फसवलं गेलंय हे कळलं तेव्हा ते सात दिवस केव्हाच उलटले होते. पण ते पैसे कुठल्या साहेबापर्यंत पोचलेच नाहीत तर लाच कोणाला दिली मी? झाडाला? याचं उत्तर कोणी दिलं नाही. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, तिथे तक्रार क्रमांक मिळाला. तो घेऊन ठाण्यात गेलो तर म्हणे, अर्धे पैसे रोख, ते सायबरमध्ये बसत नाही. मग अर्धं तरी बसवा! तेही नाही.

क्षेत्रीय कार्यालयात तर कहरच. “आमचा कोणी एजंट नाही. भिंतीवर बोर्ड आहे, दलालांपासून सावध राहा.” बोर्ड आहे, मान्य. फी आणि मुदत लिहिलेली नागरिकांची सनदही आहे, लोखंडी कपाटाच्या मागे. हनुवटीने बाहेर कोणी दाखवलं हे विचारल्यावर खिडकीतले गृहस्थ जेवायला गेले. मी काही सिद्ध करू शकत नाही, म्हणून त्यांना गुन्हेगार म्हणत नाही. पण खिडकीत काम अडल्याशिवाय झाडाखालच्याचं पोट भरत नाही, एवढं समजायला कोर्ट लागत नाही.

ठाण्यात गुन्हा घेत नसतील तर तीच तक्रार लेखी करून पोस्टाने अधीक्षकांना किंवा आयुक्तांना पाठवा, कायद्यात ती सोय आहे. पोचपावती ठेवा. कार्यालयातलाच कोणी पैसे मागत असेल तर द्यायच्या आधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ला फोन, दिल्यावर नाही.

खरी नोंद कशी झाली तेही सांगते, म्हणजे तुमचं रक्त तापेल. जावयांना पुन्हा यावं लागलं, तिकिटाचे २१,४०० गेले, ते वरच्या आकड्यात धरलेले नाहीत. ह्यांनी अर्जावर एक ओळ वाढवली: ‘महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये मुदतीत सेवा न मिळाल्यास अपील करण्यात येईल.’ या कायद्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. तीच पत्रिका, तेच प्रतिज्ञापत्र, तीच खिडकी. त्याच दिवशी घेतलं! फी, कोर्ट फी तिकीट सगळं धरून दोनशेच्या आतबाहेर, आणि पावतीसुद्धा. सर्व्हर त्या दिवशी उत्तम चालत होता.

अजून एक. असा दाखला कोणी ‘घरपोच’ आणून दिला असेल आणि तुम्ही तो कपाटात ठेवून निर्धास्त असाल, तर तो कुठेही जोडू नका. बनावट आहे हे माहीत असताना वापरणं हा वेगळा गुन्हा आहे. आधी नोंदणी क्रमांक घेऊन दाखल्यावर नाव असलेल्या कार्यालयात स्वतः जा आणि नोंदवही उघडायला लावा. फाडून फेकूही नका, पुरावा आहे तो. झाडाखालच्या माणसाकडून आणखी कोणाला १८७च्या आसपासचे क्रमांक मिळाले असतील तर समोर या. एकटीची तक्रार ते पुन्हा दिवाणीच म्हणतील.