ताटातुटीनंतरचा शोध: रेड क्रॉसची ‘ट्रेस द फेस’ सेवा

आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीची २०१३ पासून सुरू असलेली ‘ट्रेस द फेस’ ही ताटातूट झालेल्या नातेवाइकांचा छायाचित्रांच्या मदतीने शोध घेणारी ऑनलाइन सेवा विनामूल्य आहे, वापरायला सोपी आहे आणि मुख्य म्हणजे तिला गोपनीयतेची चाड आहे. शोध घेणाऱ्याच्या छायाचित्राखाली नाव-गाव काहीच नसते. ‘मी माझ्या भावाला शोधत आहे’ एवढाच मजकूर असतो. छळाच्या भीतीने घर सोडलेल्या, सोबत कोणीही मोठे माणूस नसलेल्या मुलाचा ठावठिकाणा भलत्याच्या हाती पडू नये, यासाठी ही काटकसर मला अत्यंत योग्य वाटते.

मात्र आईवडिलांचा शोध लागला म्हणजे भेट झाली असे नव्हे, कारण व्हिसा सरकारांच्या हाती असतो. १९८९ च्या बालहक्क करारातील कलम २२ अशा मुलांच्या पालकांचा शोध घेण्यास सरकारांनी सहकार्य करावे असे सांगते, तर कलम १० पुनर्मीलनाचे अर्ज माणुसकीने आणि तत्परतेने हाताळण्यास बजावते. युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशानुसार निर्वासित म्हणून मान्यता मिळालेले एकटे मूल आईवडिलांना बोलावू शकते. आश्रयाचा अर्ज प्रलंबित असताना ते १८ वर्षांचे झाले तरी हा हक्क जात नाही, असा निर्णय संघाच्या न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये दिला, आणि तो फार मोलाचा आहे. म्हणूनच या सेवेची मी मनापासून शिफारस करतो. फक्त शोध सुरू करतानाच मुलाच्या पालकत्वाची जबाबदारी असलेल्याने वकिलाचाही सल्ला घ्यावा, कारण पुनर्मीलनाच्या अर्जाला मुदत असू शकते.