तंबूतील लाकडी शेगडी: एका हिवाळ्याचा अनुभव आणि नळीच्या सांध्यांचा प्रश्न

फेब्रुवारीतील एका रात्री, बाहेर उणे २६ अंश सेल्सियस तापमान असताना, शेगडीच्या माथ्यावर पिठले रटरटत होते आणि धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या दुसऱ्या सांध्यातून ओघळलेला डांबरासारखा काळा थेंब थेट पातेल्यात पडला. ते पिठले टाकून द्यावे लागले. हा अभिप्राय मी त्याच रात्री लिहिला असता, तर ‘ही शेगडी घेऊ नका’ एवढ्या एका वाक्यात तो संपला असता. त्यानंतर आणखी पाच रात्री मी तीच शेगडी वापरली, माझ्याही काही चुका लक्षात आल्या आणि मत बरेच बदलले. एक तक्रार मात्र अधिकच पक्की झाली.

आम्ही तिघे, म्हणजे मी, पत्नी आणि बारा वर्षांची मुलगी, अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, ट्विन सिटीजच्या (मिनीॲपोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांच्या) परिसरात राहतो. नोव्हेंबर ते मार्च या काळात आम्ही १९ रात्री उत्तरेकडील सुपीरियर राष्ट्रीय वनात, ईली गावाच्या आसपासच्या गोठलेल्या सरोवरांच्या काठी, १० बाय १२ फुटांच्या सुती कॅनव्हासच्या तंबूत काढल्या. शेगडी साध्या पोलादी पत्र्याची, मध्यम आकाराची आणि ५ इंची नळीची आहे. टायटॅनियमची शेगडी वजनाला फार हलकी असते, हे मान्य आहे; पण आम्ही सामान घसरगाडीवरून जेमतेम एक किलोमीटर ओढतो, आणि तेवढ्या अंतरासाठी दुपटीहून अधिक पैसे मोजणे मला पटले नाही. त्या निर्णयाचा आजही पश्चात्ताप नाही. जाड पत्रा एकदा तापला की धग धरून ठेवतो, आणि स्वयंपाकाला तेच हवे असते.

आता नळीविषयी. या शेगडीच्या नळीचे पाच तुकडे एकात एक अडकतात आणि प्रत्येक तुकड्याचे एक टोक चुण्या पाडून अरुंद केलेले असते. निर्मात्याने ही अरुंद टोके वरच्या दिशेला ठेवली आहेत, त्यामुळे वरचा तुकडा खालच्या तुकड्याच्या बाहेरून बसतो. कोकणातल्या घरावर कौले शाकारलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही रचना योग्यच वाटेल, कारण वरचे कौल खालच्या कौलावर चढलेले असते म्हणूनच पावसाचे पाणी घरात शिरत नाही. पण कौलावर पाणी बाहेरून येते आणि नळीत द्रव आतून तयार होतो. धूर वर जाताना साधारण १२० अंश सेल्सियसच्या खाली गेला की त्यातील वाफ आणि न जळलेले पदार्थ नळीच्या आतल्या बाजूला थिजतात, तेच क्रिओसोट. तंबूबाहेरचा नळीचा भाग म्हणजे एकेरी पातळ पत्रा, तोही उणे पंचवीस अंशांत उभा. तिथे जमलेला द्रव आतून खाली ओघळतो आणि सांध्यापाशी आला की, खालचे टोक आत असल्यामुळे, त्याच्या कडेवरून बाहेर पडतो. अरुंद टोक खाली असते तर तोच द्रव आतल्या आत शेगडीत जाऊन जळून गेला असता. अमेरिकेत घरांतील लाकडी शेगड्यांची नळी बसवताना अरुंद टोक शेगडीच्या दिशेने ठेवण्याची पद्धत रूढ आहे, ती याच कारणाने.

मी कंपनीला छायाचित्रांसह लिहिले. पहिले उत्तर आले की कोरडे लाकूड वापरा. दुसऱ्या उत्तरात सांगण्यात आले की सध्याच्या रचनेमुळे पाऊस आणि हिम आत जात नाही, आणि नळी उलटी बसवल्यास सांध्यातून धूर बाहेर येईल. हे दुसरे म्हणणे मला मान्य नाही. तापलेल्या नळीत ओढ असते, तिच्या आतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, त्यामुळे फटीतून धूर बाहेर येण्याऐवजी बाहेरची हवा आत खेचली जाते. आणि ओढच नसेल तर सांधा कोणत्याही दिशेने बसवला तरी धूर कोंडणारच. हे सर्व मी सविस्तर कळवले. त्यावर बदली नळी मिळाली नाही, पुढील खरेदीवर सवलत तेवढी देऊ करण्यात आली. जी वस्तू सदोष आहे असे मी पुराव्यानिशी सांगतो आहे, तिच्याच निर्मात्याकडून आणखी काही विकत घ्यावे, हा तोडगा मला अपमानकारक वाटला.

तरीही पहिल्या उत्तरात तथ्य होते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. घरी माझ्याकडे दोन वर्षे सुकवलेले मेपलचे सरपण आहे, पण ते मी उत्तरेला नेत नाही. अ‍ॅश जातीची झाडे मारणारा एमरल्ड अ‍ॅश बोरर हा भुंगेरा २००९ साली मिनेसोटात सापडला आणि लागण झालेल्या काउंटींतून (जिल्ह्यांतून) जळाऊ लाकूड बाहेर नेण्यावर निर्बंध आहेत. ते योग्यही आहेत. वनात गेल्यावर जिवंत झाडाला हात लावायचा नाही, मेलेले आणि आडवे पडलेले लाकूड गोळा करायचे. हिमाखाली पडलेले लाकूड बाहेरून कोरडे भासले तरी आतून ओलसर असते. पडलेला बर्च तर विशेष फसवा, कारण त्याची साल पाणी आत धरून ठेवते आणि लाकूड आतून कुजते. ती साल मात्र विस्तव पेटवायला अप्रतिम. लाकडातील एक किलो पाण्याची वाफ करायला जेवढी उष्णता खर्च होते, तेवढ्यात पाच लिटरहून अधिक बर्फगार पाणी उकळीला येते. म्हणजे ओले लाकूड जाळताना मी आधी लाकडाचे पाणी आटवत होतो आणि उरलेल्या धगीवर तंबू तापवत होतो.

त्यात आणखी एक चूक मी नेमाने करत होतो. रात्रभर विस्तव टिकावा म्हणून झोपताना शेगडी मोठ्या ओंडक्यांनी भरायची, हवेची झडप जवळजवळ बंद करायची आणि नळीतील, धुराची वाट अरुंद करणारा पडदाही आडवा करायचा. त्यामुळे लाकूड जळण्याऐवजी धुमसते, धूर थंड राहतो आणि क्रिओसोट सर्वाधिक याच वेळी तयार होते. फेब्रुवारीच्या अखेरीस मी पद्धत बदलली. उष्णता देऊन सुकवलेले प्रमाणित लाकूड गावातून विकत घेतले, मनगटाएवढ्या ढलप्या केल्या, आग लहान पण ज्वाळेची ठेवली आणि रात्री दोनदा उठून सरपण घातले. ओघळ निम्म्याहून कमी झाले. पूर्ण थांबले नाहीत, आणि म्हणूनच सांध्याची तक्रार मी मागे घेत नाही: मोकळ्या रानात लाकूड नेहमी कोरडेच मिळेल, असे गृहीत धरून तंबूची शेगडी बनवता येणार नाही.

सुरक्षेविषयी एक प्रसंग सांगतो. जानेवारीत नळीच्या टोकावरील ठिणगी-जाळी काजळीने इतकी भरली की दार उघडताच धूर तंबूत परतला आणि कार्बन मोनॉक्साइडचे यंत्र वाजू लागले. आम्ही तत्काळ बाहेर पडलो. या वायूला रंग नाही, वास नाही. त्या वेळी धूर दिसला म्हणून कळले, पण नुसते निखारे धुमसत असताना दिसण्यासारखे काही नसते. आता मी दर दुसऱ्या दिवशी, शेगडी थंड असताना, जाळी काढून तारेच्या ब्रशने घासतो. यंत्र घेताना ते किती कमी तापमानापर्यंत चालते, हे माहितीपत्रकात जरूर पाहावे, कारण विस्तव विझल्यावर तंबू तासाभरात बाहेरइतका गार पडतो. जाळी काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात; सुती कॅनव्हासवर ठिणग्यांची भोके पडू द्यायची नसतील तर तो ऐकू नये.

स्वयंपाकाच्या बाबतीत मात्र या शेगडीने मला अनपेक्षित आनंद दिला. नळीच्या बुडाशी माथा सर्वांत तापतो आणि दाराकडचा भाग मंद राहतो, त्यामुळे मागे तवा आणि पुढे आमटी, अशी आपल्या चुलीची आणि वैलाची सोय आपोआप होते. ज्वारीची भाकरी तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजून, दार उघडून, पुढे ओढलेल्या निखाऱ्यांसमोर उभी धरली की टम्म फुगते. तशी भाकरी मला या देशात विजेच्या चुलीवर आजवर जमली नव्हती. पाण्यासाठी हिम वितळवत बसू नये, कारण शून्य अंशाचे हिम नुसते वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढीत ते पाणी जवळजवळ ८० अंशांपर्यंत तापले असते. आम्ही सरोवराच्या बर्फाला भोक पाडून पाणी काढतो आणि उकळून घेतो.

बाकी पाय मजबूत आहेत, दाराची कडी चांगली आहे, तळाशी दोन बोटे राख राहू दिल्याने पत्रा वाकलेला नाही.

मार्चच्या शेवटच्या फेरीआधी मी सगळे तुकडे उलटे केले. शेगडीचे तोंड अरुंद टोकाला जुळत नसल्यामुळे हार्डवेअरच्या दुकानातून दुहेरी कडेचा जोड आणला आणि वरच्या रुंद टोकासाठी वेगळी जाळी बसवली. एवढ्याने काम भागले, नवी नळी घ्यावी लागली नाही. तीन रात्री पातेल्यांवर झाकण न ठेवता स्वयंपाक केला. सांध्यांखाली माथ्यावर पांढरा कागद फिरवून पाहिला, तो चारही सांध्यांपाशी स्वच्छ निघाला. जोड शेगडीला मिळतो तिथे तेवढा एक तपकिरी डाग उमटला. तिथे भट्टीचे सिमेंट भरले आहे, आणि ते टिकते की तडकते हे नोव्हेंबरच्या पहिल्या फेरीनंतर इथेच लिहीन.