दुबईतली भारतीय शाळा की इंग्लंडमधली सरकारी शाळा?

दोन्हीकडे मी गणितच शिकवलं. आधी चार वर्षं दुबईत, सीबीएसईच्या शाळेत. आता इंग्लंडमध्ये तिसरं वर्ष चालू आहे. गणित, विज्ञान आणि भाषा शिकवणाऱ्या भारतीय शिक्षकांना २०२३पासून इंग्लंडच्या शिक्षक-पात्रतेसाठी थेट अर्ज करता येतो. तेव्हापासून "कुठे जाऊ?" असं विचारणारे वाढलेत.

पैशांचं एका वाक्यात सांगतो. दुबईत पगारावर आयकर नाही, वर नोकरी सोडताना पहिल्या ५ वर्षांतल्या प्रत्येक वर्षामागे २१ दिवसांच्या मूळ पगाराइतकी ग्रॅच्युइटी मिळते. शिल्लक टाकण्याची निकड असेल तर तिथेच जावं.

दुबईत वर्ग ओळखीचा वाटतो. शिक्षक आत आले की मुलं उभी राहतात, रागावलं की नजर खाली. सकाळी अमिरातीचं राष्ट्रगीत, शुक्रवारी अर्धा दिवस शाळा, रमझानमध्ये आणखी लवकर सुट्टी. हे सगळं महिनाभरात अंगवळणी पडतं.

मला खुपली ती वर्गातली शांतता. "समजलं?" म्हटलं की सगळ्या माना हलायच्या आणि चाचणीत अर्धा वर्ग वर्गसमीकरणात अडकलेला दिसायचा. मुलानं वर्गात न विचारलेला प्रश्न मग रात्री साडेदहाला वडिलांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर यायचा, तोही "अर्धा गुण का कापला?" अशा रूपात. नववीतल्या एका मुलीनं ऋण चिन्हाची तीच चूक तीन चाचण्यांत केली. आधी का विचारलं नाहीस, म्हटलं तर म्हणाली, "सर, तुम्हाला वाटलं असतं, माझं लक्ष नव्हतं." त्या दिवसापासून माझं मन तिथून उठत गेलं. पालकांची काळजी खरी होती, हेही सांगायला हवं. पण त्या काळजीच्या भारानं मुलं गप्प होत होती.

इंग्लंडमधले पहिले दोन महिने मात्र जड गेले. "सर, हे कशाला शिकायचं?" असं मुलं तोंडावर विचारतात. वर्ग शांत करण्यात वेळ जातो, डिटेन्शनच्या, म्हणजे शिक्षा म्हणून मुलाला थांबवून ठेवण्याच्या, नोंदी संपत नाहीत. पाठीवर शाबासकीची थाप द्यायला उचललेला हात आवरावा लागतो. त्याची चुटपुट मला अजून लागते. पाठ बघायला आलेल्या वरिष्ठांनी "असं करून बघता येईल का?" म्हटलं, तर तो नुसता सल्ला नसतो, तसं करायलाच हवं असा अर्थ असतो, हेही उशिरा कळलं. आणि उन्हाळ्यानंतर शाळा बदलायची असेल तर राजीनामा सहसा ३१ मेपर्यंत द्यावा लागतो, हे आधीच लक्षात ठेवा.

पण पालकांचे मेल शाळेच्या ऑफिसमार्फत येतात, त्यामुळे संध्याकाळ घरच्यांना देता येते. आणि आमच्या वर्गात प्रत्येकाकडे छोटी पांढरी पाटी असते. उत्तर लिहून सगळ्यांनी एकदम वर धरायचं. चुकलेल्या पाट्याही बिनदिक्कत वर येतात. कोण कुठे अडलंय ते तिथल्या तिथे दिसतं.

शाळेशाळेत फरक असतो, माझा अनुभव दोनच शाळांचा. शिस्तीचा, शांत वर्ग ज्यांना मनापासून हवा आहे ते दुबईत रमतील. मला विचाराल तर मी इंग्लंडच म्हणेन. गेल्या आठवड्यात एका मुलानं पाटीवर उत्तराऐवजी नुसतं प्रश्नचिन्ह काढून वर धरलं. पुढची वीस मिनिटं आम्ही सगळे त्याच उदाहरणावर थांबलो.