जुन्या काँक्रीटच्या खडीत आमचे १,८६,००० बुडाले

शेडच्या कोब्याखाली भरायला जुनं काँक्रीट फोडून केलेली खडी मागवली होती. १,२०,००० आगाऊ, ६६,००० डंपर खाली होण्याआधी. पुढे विकणाऱ्याचा फोन बंद. हा प्रकार तुम्हाला ठाऊकच आहे.

खरी पाल चुकचुकायला हवी होती ती त्याने दाखवलेल्या खडीच्या प्रयोगशाळा-अहवालावर. पाणी शोषण: ०.६ टक्के! फोडलेल्या काँक्रीटच्या खडीला जुन्या सिमेंटचा थर चिकटलेला असतो आणि तो पाणी पितो. शोषण साधारण ३ ते १० टक्के भरतं. ०.६ हा आकडा ताज्या दगडी खडीचा. म्हणजे अहवाल दुसऱ्याच मालाचा होता. पण शिक्का होता, सही होती, नमुन्याची पिशवीही चोख होती. असा कागद हातात आल्यावर कुठलं गिऱ्हाईक टक्के तपासतं? अहवालाचा नंबर घेऊन प्रयोगशाळेला स्वतः फोन करा.

माल आला तो ओलाचिंब. धूळ उडू नये म्हणून पाणी मारलंय म्हणे. तसं मारतातच, म्हणून पटलं. वजनावर घेतलेल्या मालात पाण्याचेही पैसे मोजले. ओला माल काट्यावर घेऊच नका. ढिगात पांढरे तुकडे होते, नखाने ओरखडा उठणारे. प्लास्टर समजून माणसांनी पसरून टाकले. ते जिप्सम निघालं, फॉल्स सीलिंगचं. ओलाव्याबरोबर त्यातलं सल्फेट सिमेंटपर्यंत पोचतं आणि काँक्रीट फुगतं. आमचा कोबा मधोमध उचललाय, शेडचं दार अर्धंच उघडतं. नीट निवडलेली खडी या कामाला उत्तम चालते, म्हणून तर जास्त संताप येतो.

उपसताना जुन्या सिमेंट पत्र्याचे तुकडेही निघाले. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. कोरडे फोडू नका, झाडू मारू नका, आधी भिजवा.

पोलीस म्हणाले, व्यवहाराचा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा. कचरा विभाग म्हणाला, विकत घेतलंत म्हणजे हे बांधकाम साहित्य. बांधकाम विभाग म्हणाला, हा राडारोडा, कचरा विभागाकडे जा. एकानेही जागेवर येऊन ढीग पाहिला नाही. आणि उपसलेला माल बाहेर ठेवला तर दंडाची नोटीस कोणाला? आम्हाला! विकणारा मोकळा फिरतोय. काट्याच्या पावत्या, डंपरचे फोटो, बँकेचा उतारा, सगळं जोडून अर्ज दिला, तर साधी पोचसुद्धा दिली नाही. तुम्ही अर्ज द्याल तेव्हा दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून घ्या, तोवर टेबलासमोरून हलू नका.