गेमिंग लॅपटॉप शांत करायचा आहे: पेस्ट, लिक्विड मेटल, फेज-चेंज पॅड की बाहेरचा कूलिंग पॅड?

गेमिंग लॅपटॉपचे तापमान आणि पंख्यांचा आवाज कमी करायचा असे एकदा ठरले की निवड मुख्यतः चार मार्गांमध्ये करावी लागते. लॅपटॉप उघडून चिप आणि हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) यांच्यामध्ये चांगली थर्मल पेस्ट भरायची, तिच्याऐवजी लिक्विड मेटल (गॅलियमचा द्रवरूप मिश्रधातू) लावायचे, फेज-चेंज पॅड बसवायचा, किंवा काहीही न उघडता खालून हवा रेटणारा कूलिंग पॅड घ्यायचा. हे चारही मार्ग मी स्वतःच्या लॅपटॉपांवर अवलंबून पाहिले आहेत. माझ्याकडे ध्वनिमापक नाही, त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते रोजच्या वापरातून बनलेले मत आहे आणि वेगळ्या रचनेच्या लॅपटॉपवर ते थोडेफार बदलू शकेल. मी नागपूरला राहतो, हे मात्र आधीच सांगायला हवे. चिपचे तापमान खोलीच्या तापमानाबरोबर जवळजवळ अंशाला अंश वाढते, त्यामुळे जानेवारीत जो लॅपटॉप ८० अंशांवर निवांत चालतो तोच मे महिन्यात, कूलर लावलेल्या खोलीतसुद्धा, नव्वदीकडे सरकू लागतो. हवेशीर गावात किंवा वातानुकूलित खोलीत बसणाऱ्यांना यातल्या काही अडचणी कदाचित जाणवणारही नाहीत.

कोणताही मार्ग निवडण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट असावी. उष्णता वाहून नेण्याची क्षमता वाढवली म्हणून आवाज आपोआप कमी होत नाही, कारण आजचे प्रोसेसर मिळालेली मोकळीक लगेच वापरून टाकतात. इंटेलच्या कोअर आय७-१२७००एच या प्रोसेसरची मूळ मर्यादा ४५ वॉट आहे, पण टर्बोमध्ये, म्हणजे थोड्या वेळासाठी वेग वाढवताना, तो ११५ वॉटपर्यंत जाऊ शकतो. अशा प्रोसेसरवर उत्तम थर भरला तर तो पूर्वीइतकाच गरम राहून अधिक वॉट खर्च करू शकतो, खेळाचा वेग किंचित वाढतो आणि पंख्यांना बाहेर टाकावी लागणारी उष्णता कमी होण्याऐवजी वाढते. म्हणून ज्यांना शांतता हवी आहे त्यांनी वॉटची मर्यादा खाली आणणे हे पहिले काम समजावे, मग आतला थर कोणताही असो. इंटेलच्या लॅपटॉपवर हे थ्रॉटलस्टॉप या प्रोग्रॅममधून करता येते. व्होल्टेज कमी करण्याची सोय मात्र डिसेंबर २०१९ मध्ये ‘प्लंडरव्होल्ट’ ही सुरक्षा त्रुटी जाहीर झाल्यानंतर अनेक लॅपटॉपच्या बायोसमधून (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीतून) बंद करण्यात आली, त्यामुळे आपल्याकडे ती आहे की नाही हे आधी तपासावे. ग्राफिक्स चिपवर ही सोय एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममध्ये सहज मिळते, आणि तिथला लाभ मोठा आहे. खर्च होणारे वॉट व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने तोच वेग ०.९ व्होल्टऐवजी ०.८ व्होल्टवर टिकवता आला तर सुमारे पाचवा हिस्सा उष्णता वाचते. बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये दोन्ही चिपचे काही हीट पाइप सामाईक असतात, म्हणून एकीला आवर घातला की दुसरीलाही थंडावा मिळतो. हे सगळे विनाखर्च आहे आणि त्यासाठी लॅपटॉप उघडावा लागत नाही.

आता आतल्या थराकडे येऊ. डेस्कटॉपच्या प्रोसेसरवर धातूचे झाकण असते आणि ते उष्णता पसरवते. लॅपटॉपमध्ये उघडी सिलिकॉन चिप थेट हीटसिंकला टेकते, आणि जेमतेम दोन चौरस सेंटिमीटरच्या जागेतून शंभर वॉट जाऊ लागले की मधल्या थरातील लहानसा दोषही लगेच दिसतो. चांगली पेस्ट नीट लावली की पहिल्या दिवशीचा निकाल खरोखर सुखावणारा असतो. पेस्ट स्वस्त आहे, सगळीकडे मिळते, वीज वाहून नेत नाही आणि पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरते. जर तुलना पहिल्या आठवड्यापुरतीच करायची असती, तर मी पेस्टवरच थांबलो असतो.

अडचण नंतर सुरू होते, आणि माझी निवड तिनेच ठरवली. खेळ चालू झाला की चिप आणि हीटसिंक तापून प्रसरण पावतात, खेळ थांबला की आकुंचन पावतात. सिलिकॉन आणि तांबे यांचे प्रसरण सारखे नसते, त्यामुळे प्रत्येक फेरीत मधली पेस्ट थोडी थोडी कडेला ढकलली जाते. पातळ पेस्ट लवकर सरकते, घट्ट पेस्ट उशिरा, पण उघड्या चिपवर बहुतेक पेस्ट कधी ना कधी सरकतात. काही महिन्यांनी चिपच्या एखाद्या भागावरचा थर विरळ होतो आणि त्या भागातला एखादा कोअर (प्रोसेसरमधला एक स्वतंत्र गणनाभाग) शेजारच्या कोअरपेक्षा दहा-पंधरा अंशांनी गरम चालू लागतो. सरासरी तापमान तेव्हाही ठीक दिसते. पंखा मात्र साधारणपणे सर्वांत गरम कोअरकडे पाहून फिरतो. परिणाम असा की ब्राउझरमध्ये एखादे पान उघडले, पार्श्वभूमीला एखादे अपडेट सुरू झाले, की तो एक कोअर क्षणभर उसळतो, पंखा एकदम वर जातो, चार सेकंदांनी खाली येतो आणि पुन्हा वर जातो.

मला खेळताना येणाऱ्या सलग आवाजाचा फारसा त्रास होत नाही. हेडफोन लावलेला असतो, आणि एकसुरी आवाज कान थोड्या वेळात स्वीकारतात. हा चढउतार मात्र असह्य होतो, विशेषतः रात्री, जेव्हा लॅपटॉपवर खेळ चालू नसून फक्त लिहिणे किंवा वाचणे चालू असते आणि घरातले बाकी लोक शेजारच्या खोलीत झोपलेले असतात. पेस्ट नव्याने भरली की हा त्रास जातो आणि काही महिन्यांनी त्याच वाटेने परत येतो. दर वेळी मागचे झाकण, प्लास्टिकचे नाजूक खटके, बॅटरीची आणि पंख्यांची जोडणी, स्क्रूंचे झिजत जाणारे माथे या सगळ्यांतून पुन्हा जावे लागते. ज्यांना असे काम आवडते त्यांच्यासाठी ही तक्रार गौण असेल, हे मी मान्य करतो. पण लॅपटॉपचा थर निवडताना त्याच्या सर्वोत्तम दिवसापेक्षा त्याचे वर्षभराचे वागणे पाहावे, असे माझे मत या अनुभवातून बनले.

लिक्विड मेटलच्या बाबतीत आकड्यांपुरता वाद नाही. थर्मल ग्रिझली आपल्या कंडक्टोनॉटची उष्णतावाहकता ७३ (वॉट प्रति मीटर-केल्विन) सांगते, तर पेस्टच्या जाहिरातींतले आकडे सहसा १० च्या आसपास फिरतात. आसुसने २०२० पासून आपल्या अनेक आरओजी लॅपटॉपमध्ये आणि सोनीने त्याच वर्षीच्या प्लेस्टेशन ५ मध्ये लिक्विड मेटल कारखान्यातच भरले, तेव्हा हा पदार्थ केवळ हौशी लोकांचा राहिलेला नाही. तरीही कारखान्यातले काम आणि घरातले काम यांत अंतर आहे. कारखान्यात तो थर जागीच राहावा म्हणून चिपभोवती कुंपण घातलेले असते आणि हीटसिंकचा पृष्ठभागही त्याला अनुरूप निवडलेला असतो. घरी हे सगळे आपल्याला उभे करावे लागते: चिपच्या कडेचे सूक्ष्म घटक कॅप्टॉन टेप (उष्णता सहन करणारी विद्युतरोधक टेप) किंवा विद्युतरोधक लेपाने झाकायचे, फोमची चौकट करायची, आणि हीटसिंकमध्ये ॲल्युमिनिअम कुठेही संपर्कात येत नाही याची खात्री करायची, कारण यातले गॅलियम ॲल्युमिनिअमला पोखरते. तांब्यातही ते हळूहळू मुरते, म्हणून निकल न चढवलेल्या तांब्यावर पहिला थर कालांतराने कोरडा पडू शकतो. आणि हा द्रव वीज वाहून नेतो. जो लॅपटॉप कायम टेबलावर आडवा असतो त्याच्यासाठी हा धोका आटोक्यातला म्हणता येईल. माझा लॅपटॉप पाठपिशवीत उभा राहून रेल्वेने प्रवास करतो, आणि प्रत्येक प्रवासानंतर तो सुरू होईपर्यंत मनात जी धाकधूक राहत असे ती मला नको झाली.

शिवाय शांततेसाठी वॉट कमी करणाऱ्याला लिक्विड मेटलचा लाभ अपेक्षेपेक्षा कमी मिळतो, हा मुद्दा बहुतेक चर्चांत सुटतो. थरामुळे पडणारा तापमानाचा फरक त्यातून जाणाऱ्या वॉटच्या प्रमाणात असतो. शंभर वॉटवर पेस्ट आणि लिक्विड मेटल यांच्यात ८ अंशांचे अंतर असेल, तर प्रोसेसर ४० वॉटवर रोखल्यावर ते ३ अंशांच्या आसपास येते. प्रोसेसरला पूर्ण वेगाने पळवून शेवटचा थेंब काढायचा असेल तर ते ८ अंश मोलाचे आहेत, आणि अशा वाचकाला मी लिक्विड मेटलपासून परावृत्त करणार नाही. मला हवी असलेली गोष्ट वेगळी होती.

फेज-चेंज पॅडमध्ये हनीवेलचा पीटीएम७९५० हा सर्वांत प्रसिद्ध आहे, आणि लेनोव्होच्या काही लीजन लॅपटॉपमध्ये तो मुळातूनच येतो. खोलीच्या तापमानाला तो पातळ, घन पत्र्यासारखा असतो. साधारण ४५ अंशांवर तो मऊ होतो आणि हीटसिंकच्या दाबाने पसरून अगदी पातळ थर बनतो. त्याची सांगितलेली उष्णतावाहकता ८.५ च्या आसपास आहे, म्हणजे कागदावर तो महागड्या पेस्टपेक्षा मागे पडतो, आणि फक्त आकडा पाहून निवड करणारे त्याला इथेच बाजूला ठेवतात. त्याचे बळ आकड्याबाहेरचे आहे. तापल्यावरही तो पेस्टच्या तेलासारखा कडेला वाहून जात नाही, गार झाला की जागच्या जागी घट्ट होतो, आणि हजारो फेऱ्यांनंतरही थर एकसारखा राहावा याच हेतूने तो बनवलेला आहे. माझ्या लॅपटॉपमध्ये तो बसवल्यानंतर नागपूरचा उन्हाळा गेला, पावसाळा गेला, आणि कोअरांमधले अंतर बसवल्याच्या महिन्यात होते तेवढेच आहे. अगदी ताज्या, नुकत्याच भरलेल्या पेस्टशी तुलना केली तर जास्तीत जास्त तापमानात मला फारसा फरक जाणवला नाही. रात्रीचा तो चढउतार मात्र थांबला, आणि माझ्यासाठी तेवढे पुरे होते.

त्याच्याही काही कटकटी आहेत. पत्रा लहानसा असूनही किंमत पेस्टच्या नळीपेक्षा जास्त पडते, आणि बाजारात या नावाखाली बनावट मालही मिळतो, त्यामुळे फारच स्वस्त दिसणारी जाहिरात टाळावी. वरची आणि खालची फिल्म सोलताना पॅड फाटू शकतो. थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवला की तो कडक होतो आणि फिल्म सुटी निघते. चिपपेक्षा किंचित मोठा तुकडा कापावा आणि हीटसिंकवर छापलेल्या क्रमांकांच्या क्रमाने स्क्रू थोडे थोडे आवळावेत. व्हीरॅमवरचे (ग्राफिक्स चिपच्या मेमरीवरचे) जुने पॅड धड असतील तर त्यांना हात लावू नये. ते फाटलेच तर नवे पॅड अंदाजाने घेण्याऐवजी थर्मल पुटी (दाबाने हवी तेवढी पातळ होणारी, उष्णता वाहून नेणारी मऊ लुकण) वापरावी, कारण गरजेपेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त जाड पॅडसुद्धा हीटसिंकला चिपवरून उचलून धरतो आणि मग मधे काहीही भरले तरी उपयोग होत नाही.

बाहेरच्या कूलिंग पॅडबद्दल थोडक्यात सांगतो. नुसते उघडे पंखे असलेले स्वस्त पॅड आणि मागची बाजू दोन बोटे उचलणारा साधा स्टँड यांत मला फरक सापडला नाही. कडेने फोमचे सील असलेले, एका मोठ्या पंख्याने हवा दाबून आत पाठवणारे पॅड खरोखर प्रभावी असतात. तळातून हवा घेणाऱ्या लॅपटॉपवर ते तापमान जेवढे उतरवतात तेवढे आतला कोणताही थर बदलून उतरत नाही. पण पूर्ण वेगात त्यांचा स्वतःचा आवाज लॅपटॉपच्या आवाजाहून मोठा असतो. ढोबळ नियमाने पंख्याचा वेग २० टक्के कमी केला की आवाज सुमारे ५ डेसिबलने उतरतो, म्हणून असा पॅड मंद वेगावर ठेवून लॅपटॉपचे पंखेही मंदावतात का ते पाहणे शहाणपणाचे ठरते. जाळीची गाळणी असलेला पॅड घ्यावा, आणि ती गाळणी नियमित धुवावी. विदर्भातल्या उन्हाळी धुळीत ती फार लवकर भरते.

तेव्हा लॅपटॉप वॉरंटीत असेल आणि झाकण उघडायची इच्छा नसेल, तर वॉटची मर्यादा, साधा स्टँड आणि गरज वाटल्यास सीलचा पॅड एवढ्यावर काही काळ निभावून नेणे माझ्या मते योग्य आहे. लिक्विड मेटल कारखान्यातूनच आले असेल आणि कोअरांची तापमाने एकमेकांजवळ असतील, तर त्याला छेडू नये. ज्यांना वर्षातून दोनदा लॅपटॉप उघडायला हरकत नाही त्यांच्यासाठी घट्ट प्रकारची पेस्ट अजूनही चांगली निवड आहे. बाकीच्यांनी, विशेषतः ज्यांचा लॅपटॉप दिवसा कामाचा आणि रात्री खेळाचा आहे त्यांनी, एकदाच उघडून फेज-चेंज पॅड बसवावा, त्याच वेळी हीटसिंकच्या पात्यांमध्ये बसलेली धुळीची गादी आतल्या बाजूने काढून टाकावी, आणि पहिल्या दिवशीच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढू नये. पॅड पूर्ण पसरायला तापण्या-निवण्याच्या काही फेऱ्या लागतात. त्या झाल्यावर तापमान आणखी थोडे उतरते, आणि पंख्यांचा वेग कोणत्या अंशाला किती ठेवायचा हे त्यानंतरच ठरवावे.