टीव्ही ३२ इंची की ४३ इंची?
आमच्याकडे यावर आठवडाभर चर्चा चालली. नुसते इंच बघून भाव ठरवू नका, ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप असतं, खऱ्या स्क्रीनचा आकार काढला तर ३२ चा साधारण ४३८ चौरस इंच आणि ४३ चा ७९० भरतो. समजा १२ हजार आणि २० हजार भाव असेल तर चौरस इंचाला २७ रुपये आणि २५ रुपये, मोठाच स्वस्त पडतो! त्यात सप्टेंबर २०२५ पासून ३२ च्या वरच्या टीव्हींचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. जुन्या ३२ वर आईला सोफ्यावरून मॅचचा स्कोअर वाचताच यायचा नाही. फक्त ४३ ला जवळपास ९६ सेंमी रुंद जागा लागते, शोकेसचा कप्पा आधी टेपने मोजून घ्या. छोट्या बेडरूमला मात्र ३२ बास झाला.