डोमेन जॉइन: कोटा 10 च ठेवायचा की 0 करायचा?

अॅक्टिव्ह डिरेक्टरीत (कंपनीतले युजर आणि कॉम्प्युटर एका डोमेनखाली सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची सिस्टिम) डिफॉल्टने कुठलाही साधा युजर 10 मशीन डोमेनला जोडू शकतो, अॅडमिन असायची गरजच नाही; हाच तो कोटा. सोयीचं आहे हो, पण ज्याच्या हाती एक पासवर्ड लागला तो खोटं कॉम्प्युटर अकाउंट बनवतो, त्याचा पासवर्डही स्वतःच ठरवतो, आणि 2021 च्या नोपॅक नावाच्या हल्ल्यात तर तिथूनच थेट डोमेन अॅडमिनपर्यंत मजल जायची.

दुसरं म्हणजे कोटा 0 करून जॉइनचा हक्क एका वेगळ्या अकाउंटला द्यायचा. मी हेच करेन, पण एक मेख आहे: कोट्यातून बनलेल्या कॉम्प्युटर ऑब्जेक्टचा (डिरेक्टरीतल्या नोंदीचा) ओनर, म्हणजे ज्याला त्याच्या परवानग्या बदलता येतात तो, डोमेन अॅडमिन्स ग्रुप असतो, इथे ते जॉइन अकाउंटच ओनर होऊन बसतं, आणि त्याचा पासवर्ड डिप्लॉयमेंट स्क्रिप्टमध्ये उघडा पडलेला असला की झालंच कल्याण. ओनर लगेच बदलून टाका.